अंगणात आलेली शाळा

एप्रिल महिना, सबमिशनचा आठवडा, टेबलावर तीन अपुरी जर्नल्स आणि रात्री साडेदहाला गावाहून दादाचा फोन. एवढ्या रात्री घरून फोन आला की पोटात गोळाच येतो. पण तसं काही नव्हतं. दादाला माझा सल्ला हवा होता.

माझा पुतण्या ऑगस्टमध्ये चार वर्षांचा होईल. त्याला कुठे घालायचं, हा घरात वादाचा विषय झाला होता. आमचं गाव डोंगरात, वस्ती चारशेच्या आसपास. एक मारुतीचं देऊळ, चौथीपर्यंतची शाळा आणि शाळेला लागून अंगणवाडी. खाली बाजाराच्या गावात नवी इंग्लिश मीडियम नर्सरी निघाली आहे. पिवळी व्हॅन घ्यायला येते. फी वर्षाला चौदा हजार, व्हॅनचे वेगळे. वहिनीचं म्हणणं नर्सरी. आईचं म्हणणं, अंगणवाडी आहे की दारात. आबांचं म्हणणं सगळ्यात सोपं, सहा वर्षांचा होईपर्यंत पोराला हुंदडू द्या. दादाने तिघांचं ऐकून घेतलं आणि निकाल माझ्यावर सोपवला. घरात इंजिनिअर होणारा मी एकटाच, त्यामुळे ट्रॅक्टरच्या पंपापासून पोराच्या ॲडमिशनपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. मी आठ दिवसांची मुदत मागितली आणि फोन ठेवला.

मित्रांनो, इथे एक कबुली देतो. फर्स्ट इयरला होस्टेलमध्ये इंट्रो झाली तेव्हा सगळ्यांनी आपापल्या शाळा सांगितल्या. कोणी दादरचा, कोणी पुण्याचा, कोणी नाशिकच्या कॉन्व्हेंटचा. कोणीतरी सहज विचारलं की केजी कुठे केलंस. आणि मी चक्क एका कॉन्व्हेंटचं नाव ठोकून दिलं. अंगणवाडी हा शब्द तोंडातून बाहेरच पडला नाही. अंगणवाडी म्हणजे खिचडी खायची जागा, असं कोणीतरी म्हणेल आणि सगळे हसतील, ही भीती. पुढे तीन वर्षं ते खोटं तसंच राहिलं. दादाच्या फोननंतर ते टोचायला लागलं.

दुसरी गोष्टही आठवत राहिली. माझ्या अंगणवाडीच्या बॅचला आम्ही नऊ जण होतो. बारावीपर्यंत पोचलो दोघे. शेजारची एक मुलगी माझ्यापेक्षा हुशार होती. चिंचोके मोजायच्या खेळात ती मला कायम हरवायची. ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. अंगणवाडीत ते चालून गेलं. पहिलीत गेल्यावर भाऊ वर्गात रडायचा, घरी सांभाळायला कोणी नाही, आई-बाप रानात. दिवाळीनंतर ती यायची थांबली. कोणी तिला काढलं नाही, कोणी रागावलं नाही. नुसती थांबली.

त्या रविवारी लालबागला काकांकडे जेवायला गेलो होतो. काका चाळीत राहतात. आबाही पूर्वी तिथेच राहून गिरणीत जायचे, १९८२ च्या संपानंतर गावी परतले ते कायमचे. जेवताना दादाच्या फोनचा विषय निघाला. काकूने पुस्तकच सुचवलं, अनुताई वाघांचं कोसबाडच्या टेकडीवरून. त्यातल्या ताराबाईंबद्दल वाच आणि मग काय सांगायचं ते सांग, असं तिचं म्हणणं पडलं. दुसऱ्या दिवशी मी दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय गाठलं. व्हायवा तोंडावर असताना हे धंदे केले, म्हणून रूममेटने माझी यथेच्छ टिंगल केली. पण आठ दिवसांत जे कळलं ते कुठल्याही जर्नलपेक्षा मोलाचं होतं. म्हणून हा लेख.

ताराबाई मोडक म्हणजे माहेरच्या तारा केळकर. जन्म १९ एप्रिल १८९२, मुंबईचा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे. गिरगावात प्रार्थना समाज नावाचा बसस्टॉप आपल्याला माहीत असतो, पण ते मुळात एका सुधारणावादी मंडळीचं नाव आहे आणि तिचं मंदिर आजही तिथे उभं आहे, हे मला तरी माहीत नव्हतं. मुलींनी शिकावं, जातपात मानू नये, असं मानणाऱ्या माणसांत ताराबाई वाढल्या. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळात पदवीधर बाई म्हणजे काय अपूर्वाई असेल याची कल्पना करा. आपल्या ब्रँचला आज मुली किती आहेत ते मोजलं तरी अंदाज येईल.

लग्न झालं, त्या अमरावतीला गेल्या. नवरा वकील. पण संसार टिकला नाही, १९२१ च्या सुमारास त्या वेगळ्या झाल्या. पदरात लहान मुलगी. माहेरी परत जाऊन गप्प बसणं हाच त्या काळी बाईपुढचा रस्ता होता. ताराबाईंनी नोकरी धरली. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या त्या प्राचार्य झाल्या. शिक्षिका घडवणारं कॉलेज, मानाचं पद, चांगला पगार. एकट्या बाईला आणखी काय हवं?

पण तिथे त्यांच्या हाती गिजुभाई बधेका यांचं लिखाण आणि काम लागलं. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसं शिकवावं या विचारातून मॉन्टेसरी वाचायला लागले आणि वकिली सोडून भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० साली त्यांनी बालमंदिर काढलं. त्या काळी लहान मुलांची शाळा म्हणजे छडी, पाठांतर आणि घोकंपट्टी. गिजुभाईंच्या बालमंदिरात मुलं खेळत होती, गाणी म्हणत होती, गोष्टी ऐकत होती आणि त्यातूनच शिकत होती. ताराबाईंनी प्राचार्यपद सोडलं आणि १९२३ मध्ये त्या भावनगरला गेल्या. चांगलं प्लेसमेंट सोडून कोणी बालवाडीत गेलं तर आपण त्याला वेड्यात काढू. ताराबाईंनी ते केलं, तेही अंगावर मुलीची जबाबदारी असताना.

इथे मॉन्टेसरीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आज मुंबईत दर दोन गल्ल्यांआड मॉन्टेसरीची पाटी दिसते आणि आपल्याला वाटतं हे श्रीमंतांचं खूळ. मारिया मॉन्टेसरी इटलीतल्या डॉक्टर. त्यांचं पहिलं बालगृह सुरू झालं ६ जानेवारी १९०७ रोजी, रोममधल्या सान लोरेंझो या कामगारवस्तीत. म्हणजे आपल्या हिशेबाने परळ-लालबागच्या चाळीतच म्हणा ना. आई-बाप कामाला गेल्यावर चाळीत उंडारणाऱ्या पोरांसाठी ती खोली होती. पुढे ही पद्धत जगभर गेली आणि जाताना महाग झाली. ठराविक मापाची, ठराविक लाकडाची, ठराविक रंगाची साधनं. परदेशातून मागवावी लागत. साहजिकच ती पोचली फक्त पैसेवाल्यांच्या मुलांपर्यंत.

भावनगरात ताराबाईंनी पद्धत आत्मसात केली. १९२६ मध्ये गिजुभाई आणि त्यांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. बालशिक्षणावरचं शिक्षणपत्रिका हे मासिक गिजुभाई गुजरातीत चालवत, मराठी आवृत्ती ताराबाईंनी सांभाळली. तिकडे लोक त्यांना ताराबेन म्हणत. भावनगरची वर्षं संपवून तिसाच्या दशकात त्या मुंबईला आल्या आणि दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं. मुलांची शाळा आणि शिक्षिकांचं प्रशिक्षण, दोन्ही.

हिंदू कॉलनी म्हणजे आपल्या होस्टेलपासून चालत पंधरा मिनिटं. तीन वर्षांत मी त्या गल्ल्यांतून कितीदा गेलो असेन! झेरॉक्ससाठी, डोशासाठी. एकदाही माहीत नव्हतं की माझ्या गावच्या अंगणवाडीच्या गोष्टीतलं एक मोठं पान इथलं आहे.

शिशुविहार चांगलं चाललं होतं. दादर म्हणजे शिकलेल्या मराठी मध्यमवर्गाचं घर, मुलं भरपूर, पालक हौशी. ताराबाई तिथेच राहिल्या असत्या तरी त्यांचं नाव झालंच असतं. पण त्यांना एक प्रश्न सुटत नव्हता. हे शिक्षण ज्यांना मिळतंय त्यांच्या घरी पुस्तकं आहेत, बोलायला आजी-आजोबा आहेत, वेळेवर जेवण आहे. ज्यांच्या घरी यातलं काहीच नाही त्यांचं काय? १९३७ च्या वर्धा योजनेत गांधीजींनी खेड्यातल्या शिक्षणाचा विचार मांडला होता, पण तो सात वर्षांपुढच्या मुलांचा. सातच्या आधी काय?

हा प्रश्न हवेतला नव्हता. सरकारने नेमलेल्या हार्टोग समितीने १९२९ मध्येच दाखवून दिलं होतं की पहिलीत बसलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत वीससुद्धा पोचत नव्हती. बाकीची गळत होती नाहीतर त्याच वर्गात बसून राहत होती. सगळे म्हणायचे, खेड्यातली पोरं मठ्ठ, पालक अडाणी. ताराबाईंनी उलटा हिशेब मांडला. पहिलीत आल्यावर जे नापास होतं, त्याचं बरंचसं कारण पहिलीच्या आधी घडलेलं असतं. ज्या मुलाने कधी चित्र पाहिलं नाही, जे परक्या माणसासमोर बोललं नाही, ज्याचे डोळे आलेत, अंगावर खरूज आहे, त्याच्यासमोर एकदम पाटी आणि बाराखडी ठेवली तर ते पळणारच. फाउंडेशनच्या आधी स्लॅब टाकला तर काय होतं, हे सिव्हिलवाल्यांना मी काय सांगायचं?

डिसेंबर १९४५ मध्ये ताराबाई दादर सोडून डहाणू तालुक्यात बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न. आपल्याकडे त्या वयात लोक रिटायरमेंटच्या फ्लॅटचा विचार करतात. बोर्डी हे समुद्रकाठचं गाव. आत डोंगराकडे वारल्यांचे पाडे. काळही साधा नव्हता. त्याच वर्षी त्या भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव सुरू झाला होता.

त्यांना साथीला मिळाल्या अनुताई वाघ. पुण्यात शिक्षिका होत्या, बालविधवा, वय पस्तीस. बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची गाठ पडली आणि अनुताई ताराबाईंबरोबर निघाल्या त्या मरेपर्यंत. ताराबाईंचं डोकं आणि अनुताईंचे पाय, असं मला वाचताना वाटलं. पण ते पूर्ण खरं नाही. पाय दोघींचे होते.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. छान जागा, छान साधनं. गावातल्या बऱ्या घरची मुलं आली. ज्यांच्यासाठी ताराबाई दादर सोडून आल्या होत्या ती आलीच नाहीत. दलित वस्तीतली मुलं नाहीत, मोलमजुरी करणाऱ्यांची नाहीत. कारणं सरळ होती. आई-बाप पहाटे कामाला जात, मुलाला आवरून बालवाडीत पोचवणार कोण? वस्ती लांब. गावात जातीची अदृश्य रेघ. आणि मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटा.

माझ्या मते ताराबाईंच्या आयुष्यातला खरा क्षण हा. अशा वेळी साधारण माणूस काय करतो? आम्ही सोय केली, लोकांनाच किंमत नाही, असं म्हणतो. अहवाल लिहितो आणि गप्प बसतो. ताराबाईंनी ठरवलं, मुलं बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडी मुलांच्या अंगणात जाईल. शिक्षिका सामान घेऊन वस्तीवर जायला लागल्या. कोणाच्या तरी घरापुढचं अंगण, नाहीतर झाडाखालची सावली. तिथेच मुलं गोळा करायची. आधी हातपाय धुवायचे, नखं काढायची, केस विंचरायचे. मग गाणी, गोष्टी, खेळ. आई घरात असेल तर दारातून बघायची. बघता बघता तिलाही कळायचं की पोराला हे असं शिकवतात. अंगणात भरणारी म्हणून अंगणवाडी. गावातली मध्यवर्ती बालवाडी आणि वस्त्यांवरच्या अंगणवाड्या, अशी ही रचना.

तुम्ही आणि मी ज्याला खिचडीची जागा म्हणतो, तो शब्द असा जन्मला. दादर सोडून आलेल्या एका बी.ए. झालेल्या बाईने, आपली पहिली योजना फसली हे मान्य केलं म्हणून.

दुसरा प्रश्न साधनांचा. परदेशी मॉन्टेसरी साधनं परवडणार नव्हती आणि परवडली तरी वारली पोराला ती परकीच. मग शंख-शिंपले, चिंचोके, बिया, गोटे, काटक्या, झाडांची पानं, माती. लहान-मोठं लावायचं तर गोटे. मोजायचं तर बिया. रंग ओळखायचे तर पानंफुलं. ओबडधोबड आणि गुळगुळीत कळायचं तर शिंपला हातात द्यायचा. तत्त्व मॉन्टेसरींचंच, हाताने शिकायचं, इंद्रियांनी शिकायचं. फक्त मटेरियल बदललं आणि खर्च जवळपास शून्यावर आला. आपण प्रोजेक्टमध्ये इम्पोर्टेड सेन्सर लावून कॉस्ट कटिंगचं एक पान जोडतो ना, त्या पानावर ताराबाईंचा फोटो लावायला हवा. चिंचोके मोजताना मला ती मुलगी हरवायची असं मघाशी लिहिलं. ते चिंचोके बोर्डीहून आमच्या डोंगरात आले होते, हे आता कळलं.

१९५६-५७ मध्ये काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासींच्या मधोमध हललं. बोर्डीत निदान गाव होतं. इथे पाडे विखुरलेले, घरं लांब लांब, आणि मुलं सहा-सात वर्षांची झाली की गुरांमागे. शाळा नावाची गोष्ट त्यांच्या दिवसात बसतच नव्हती. ताराबाई-अनुताईंनी पुन्हा तेच केलं. मुलाचा दिवस बदलायच्या ऐवजी शाळेची रचना बदलली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शिक्षक कुरणात गेले, ती कुरणशाळा. दिवसभर काम करणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा.

आणि सगळ्यात महत्त्वाची विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. कल्पना ऐकायला साधी आहे, पण तिच्यामागचं निरीक्षण बघा. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटा आहे. मग धाकट्यालाही घेऊन ये. तो पाळण्यात राहील, मधला बालवाडीत खेळेल, तू वर्गात बस. सुट्टीत जाऊन बघून ये. बहिणीची हजेरी वाढवायची असेल तर तिला बोलून उपयोग नाही, भावाची सोय करायला हवी. आणि पाळण्यातला तो भाऊ पुढे पहिलीत जाईल तेव्हा शाळा त्याच्या ओळखीची असेल.

हे वाचताना मी पुस्तक बंद करून थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. आमच्या शेजारच्या मुलीला हवी होती ती एवढीच सोय. एक पाळणा. शाळा आणि अंगणवाडी तर भिंतीला भिंत लागून होती.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या. अनुताईंनी काम पुढे नेलं, त्यांनाही पुढे पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये त्याही गेल्या. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. सुरुवात ३३ प्रकल्पांनी. आज देशात सुमारे चौदा लाख केंद्रं आहेत आणि त्यांचं नाव अंगणवाडी. उत्तरेत, दक्षिणेत, सगळीकडे हाच शब्द. बोर्डीच्या वस्तीवरचा. पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि शाळापूर्व शिक्षण, असं सगळं तिथे एकत्र आलं.

आता प्रश्न उरतो, याने खरंच फरक पडतो का? आपण इंजिनिअर, आपल्याला डेटा लागतो. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या यिप्सिलँटी गावात १९६२ पासून पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय घरातली १२३ मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली. एका गटाला तीन-चार वर्षांच्या वयात चांगली बालवाडी मिळाली आणि शिक्षिका आठवड्याला घरी जाऊन आईशी बोलायची. दुसऱ्या गटाला काही नाही. मग त्यांचा माग चाळीशीपर्यंत काढला. गंमत म्हणजे बुद्ध्यांक आधी वाढला आणि काही वर्षांत फरक पुसला गेला. तिथेच प्रयोग थांबवला असता तर फेल म्हणून शिक्का बसला असता. पण बालवाडीवाल्या गटातली जास्त मुलं हायस्कूल पुरी करून गेली, जास्त जणांना नोकऱ्या लागल्या, पोलिसांच्या भानगडीत ती कमी सापडली. म्हणजे बालवाडी मार्क वाढवते की नाही हा प्रश्नच अपुरा आहे. ती मुलाला शाळेत टिकवते. ताराबाईंनी नेमकं टिकण्याकडेच लक्ष दिलं होतं. एक मात्र लक्षात ठेवायला हवं. त्या प्रयोगात पाच-सहा मुलांमागे एक शिक्षिका होती. नुसती पाटी लावून फरक पडत नाही.

आठवड्याच्या शेवटी, राहवेना म्हणून, पहाटेची डहाणू लोकल पकडली. पुढे रिक्षा, मग कोसबाडची टेकडी. रविवार होता, सगळं शांत. ऊन मरणाचं. मुद्दाम एका पाड्यापासून चढण पायी चढलो. माझी दमछाक झाली, शर्ट पाठीला चिकटला. मग चार वर्षांच्या पायांचा विचार केला. शाळा जवळ हवी म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. नकाशावर एक किलोमीटर ही फार छोटी रेघ असते. वर पोचल्यावर ताडाची झाडं आणि लांबवर विखुरलेली घरं दिसत होती. साठीपुढची बाई, दादरची गाडी धरून परत जायची सोय असताना, इथे का थांबली असेल? मला एवढंच उत्तर सुचलं की मुलं इथे होती.

परत येताना गाडीत दादाला फोन लावला. मी काय सांगितलं ते लिहितो, कारण कदाचित तुमच्यापैकी कोणाच्या घरीही हाच वाद चालू असेल.

मी सांगितलं की पोराला अंगणवाडीतच घाल. पण अंगणवाडी दारात आहे म्हणून नव्हे, आणि घालून मोकळं व्हायचं नाही. आपल्या अंगणवाडीचे दोष मला माहीत आहेत. एकटी बाई, तिच्यामागे वजनकाटा, रजिस्टरं, लसीकरणाचे दिवस, सर्व्हे. खेळ आणि गोष्टींना वेळ उरतो तो शेवटी. म्हणून आठवड्यातून एक सकाळ घरातल्या कोणीतरी जाऊन बसायचं. आई गोष्टी सांगेल, तिच्याकडे भरपूर आहेत. आबा पोरांना रानातली पानं ओळखायला शिकवतील, हुंदडायला सोडा म्हणतात ना, मग हुंदडत शिकवा. वहिनीने बाईंशी बोलून बघावं की चिंचोके, शिंपले, गोटे यांची पेटी करता येईल का. चौदा हजारांतले हजार-दीड हजार पत्र्याच्या छपराला आणि एका पाळण्याला लावले तरी ते नऊ पोरांना पुरतील.

दादा थोडा वेळ गप्प होता. मग वहिनीने फोन घेतला. तिचं म्हणणं रास्त होतं. उद्या पोराला इंग्रजी आलं नाही तर तो माझ्यासारखाच कॉलेजात मागे राहील, सेकंड सेमला माझी एम-टूची केटी तिला पाठ आहे. मी म्हटलं, वहिनी, केटी लागली ती इंग्रजीमुळे थोडी आणि लेक्चर बुडवल्यामुळे जास्त. इंग्रजी पुढे शिकता येतं, मी शिकतोच आहे. पण तीन-चारच्या वयात भीती बसली की ती पुढे निघत नाही. दिवसाचे दोन तास व्हॅनमध्ये बसून, न कळणाऱ्या भाषेत, गप्प बसायला शिकण्यापेक्षा आपल्या भाषेत भरपूर बोलायला शिकू दे. ती पूर्ण पटली असं मला वाटत नाही. एक वर्ष बघू, एवढ्यावर तडजोड झाली. त्या वर्षात काय होईल ते मी इथे लिहिणार नाही, कारण ते अजून व्हायचं आहे.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा शेजारच्या त्या मुलीची भेट झाली. लग्न झालंय, माहेरपणाला आली होती, कडेवर दीड वर्षांची मुलगी. मी तिला अंगणवाडीच्या पेटीबद्दल सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पदरात चिंचोके घेऊन आली. निवडलेले, सगळे एकसारखे. मोजून शंभर होते. तिने मोजले होते.

होस्टेलमधल्या दोस्तांनो, या जुलैत फर्स्ट इयरची पोरं येतील. पुन्हा इंट्रो होईल. कोणीतरी पुन्हा केजीचं विचारेल. या वेळी मी तिथे बसलेला असेन आणि सगळ्यात आधी माझं सांगेन. अंगणवाडी, गाव अमुक तमुक, बॅच नऊ जणांची. ज्याला हसायचं असेल त्याने हसावं, नंतर त्याला हिंदू कॉलनीपर्यंत फिरवून आणायची जबाबदारी माझी.